नमस्कार करणारी गाडी

गाडी खाली बसली तेव्हा माझी धाकटी बहीण शालन तिच्याखाली होती. पुढच्या बंपरखालून छातीपर्यंत आत गेलेली. बाहेर दिसत होते ते रेशमी साडीचे हिरवे काठ आणि जोडवी घातलेले दोन पाय.

आवाज मी आत ऐकला होता. आधी लांब फुस्स आणि मग धान्याचं पोतं टाकल्यासारखा दणका. हा आवाज मी ओळखते. हातातलं प्रसादाचं ताट तसंच टाकून मी बाहेर पळाले. माझ्या गुडघ्यांना जितकं पळता येतं तितकं.

शालनचा मुलगा महेश माझ्या पुढं पोहोचला. आईचे पाय बघून तो सरळ ड्रायव्हरच्या दाराकडं वळला. "बटण दाबून गाडी वर घेतो," म्हणाला.

"चावीला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्याच्या आईवर गाडी बसवली होती. त्यानं तसं का बघितलं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात आहे. नवऱ्यानं सुरू केलं. तो गेला तेव्हा विकत घ्यायला माणूस आला होता, पण मी विकलं नाही, कारण आलेले पैसे दिरांनी वाटून घेतले असते. लग्न झाल्यापासून मी तिथंच डिझेलमध्ये पार्ट धुवायला बसायची. धुता धुता कुठला पार्ट कुठं बसतो ते कळत गेलं. शाळा चौथीपर्यंत. मी खालचं काम करते, म्हणजे चाकं, ब्रेक, पाटे, शॉकॲब्सॉर्बर. इंजिनाला दुसरा मिस्त्री आहे. आणि कॉम्प्युटर जोडल्याशिवाय ज्यांचं दुखणं कळत नाही, त्या गाड्यांना पेठ वडगावचा एक डिप्लोमावाला येतो. तो सांगतो ते मी ऐकते, कारण त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

पूर्वी आमच्याकडं गावोगाव माणसं वाहणाऱ्या वडापच्या जीपा यायच्या. दहा माणसांच्या जागी वीस कोंबायचे, मग पाटे तुटायचे. पाटा तुटला की नवा घालायचा, गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत गाडी तयार. आता उसाचा आणि प्लॉटचा पैसा आला, आणि दिल्ली-पुण्याकडं सात-आठ वर्षं वापरलेल्या मोठ्या परदेशी गाड्या इकडं येऊ लागल्या. नवी असताना कोटभर रुपयांची गाडी पंचवीस लाखाला मिळते. घेणारा म्हणतो, पाऊण कोट वाचवलं. काही वाचवलेलं नसतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. कोटीच्या गाडीचं चाक, काच, दिवा सगळं कोटीच्याच भावानं येतं. चार टायर बदलायचे म्हटलं तरी लाखाच्या वर जातात. एक पुढचा दिवा फुटला तर त्या पैशात चांगली मोटारसायकल येते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि प्रत्येक जण गाडी घेतल्यावरच माझ्याकडं येतो.

कबनूरचे एक यंत्रमागवाले होते. त्यांची काळी गाडी, वर उघडणारं काचेचं छत. त्यांना त्या छताचा फार षोक. गाडी कारखान्याच्या दारातच उभी असायची. एकदा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. नुसता वाजला असता तर ठीक. भावकीतल्या एका मयताला ते गाडी घेऊन गेले आणि तिथं तिरडी उचलताना हॉर्न सुरू झाला, थांबेना. लोकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की गाडी बाधलेली आहे, सोडून टाका. मी गालिचा उचलला तर खाली पाणी. त्या काचेच्या छताला चारी कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात. मागावरची उडणारी रुई त्या नळ्यांत बसून गच्च झाली होती. पाणी आत उतरलं आणि गालिच्याखाली ज्या डब्यात सगळ्या वायरी जातात त्या डब्यात शिरलं. नळी साफ करायला मला बारीक वायर आणि अर्धा तास लागला. डब्याला त्यांचे दीड लाख गेले. ते म्हणाले, आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, आधी तुम्ही मला कुठं ओळखत होता.

दुसरे एक होते, त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं की गिअरचं तेल जन्मभर बदलावं लागत नाही. त्यांनी कुणाच्या जन्माबद्दल बोलणं चाललंय ते विचारलं नाही. गाडी चढाला धक्के देऊ लागली. वेळेवर तेल बदललं असतं तर वीस-पंचवीस हजारात भागलं असतं. नंतर गिअरबॉक्स उघडावा लागला आणि त्यांच्या बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं, जसं काही मीच ते तेल जाळलं होतं.

पण या गाड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हवेच्या पिशव्या. जीपला खाली पोलादी पाटे असतात, या मोठ्या गाड्यांना पाट्याऐवजी जाड रबराच्या पिशव्या असतात, प्रत्येक चाकाला एक. पंप त्यात हवा भरतो आणि अडीच टनाची गाडी त्या हवेवर उभी राहते. खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी हलत नाही. बटण दाबलं की गाडी वर उठते, दाबलं की खाली बसते. पण रबर ते रबर. सात-आठ वर्षांत त्याच्या घडीवर चिरा पडतात आणि हवा जायला लागते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी एका कोपऱ्यात कललेली दिसते. पंप ती हवा भरत राहतो आणि भरून भरून जळतो. माणूस पंप बदलतो, पिशवी बदलत नाही, मग दुसरा पंपही जळतो. पिशवी कंपनीतून घेतली तर एकीला लाखाच्या आसपास, बाहेरची घेतली तर तीस-चाळीस हजार. भाव मी मोघम सांगते, ते बदलत राहतात. आणि ज्या गाडीची पिशवी चिरलीय तिच्याखाली कुणी जायचं नाही. जायचंच असेल तर आधी घोडी लावायची, म्हणजे लोखंडी स्टँड, आणि शिवाय एक सुटं चाक गाडीखाली आडवं सारायचं. गाडी बसली तरी चाकावर बसेल. आमच्या गॅरेजमध्ये हा नियम मोडणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवते.

आता शालनचं.

शालन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ती झाली तेव्हा आईला शेतावर जावं लागायचं, म्हणून माझी शाळा सुटली आणि ती माझ्या कडेवर आली. ती दहावी झाली. दिसायला चांगली, म्हणून जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याच्या घरात पडली. मी मिस्त्र्याच्या घरात पडले. तिच्याकडं दोन मजली घर, गच्चीत झोपाळा, दारात नोकर. माझ्या हाताच्या रेषांतलं ऑइल पन्नास वर्षांत गेलेलं नाही, तिचे हात अजून दुधात भिजवल्यासारखे. ती गॅरेजमध्ये आली की स्टुलावर आधी रुमाल अंथरते आणि मग बसते. मला तिचा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो आणि मी तो लपवलेला नाही. तिनं नवी साडी नेसली की मी म्हणते, रंग जाईल. तिनं घराला रंग दिला की मी म्हणते, ओल येईल. बऱ्याचदा रंग जातो आणि ओलही येते, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. लक्षात राहतं ते एवढंच, की आक्का जळते.

गेल्या श्रावणात महेशनं पुण्याहून अशी एक गाडी आणली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पांढरी, उंच, आत मधाच्या रंगाची कातडी सीटं. त्या सीटांना खालून गार वारा येतो. अशा कितीतरी गाड्यांच्या पोटाखाली मी आडवी पडलेय, पण असल्या सीटवर मालकिणीसारखं बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. शालन पेढे घेऊन आली आणि ती गाडी माझ्या दारात उभी करून म्हणाली, "आक्का, बघ तर. माझी गाडी मला बघून वाकून नमस्कार करती."

महेशनं गाडी बंद केली. थोड्या वेळानं पुढची डावी बाजू हळूच खाली गेली. शेजारचे लोक जमले होते, त्यांनी कौतुक केलं. लेथवाले दस्तगीरभाई म्हणाले, "व्वा, शिकलेली हाय गाडी."

पेढा माझ्या तोंडात होता. मी खाली वाकले आणि टायर आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये बोटं घालून बघितली. उजवीकडं चार बोटं गेली, डावीकडं दोन. बाटलीतलं साबणाचं पाणी डाव्या पिशवीवर मारलं, तर घडीतून बारीक बुडबुडे यायला लागले. मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "नमस्कार न्हाई करत. डावी पिशवी चिरलीया. बदलून घे, न्हाईतर एक दिवस सगळी खाली येईल."

महेश म्हणाला, "मावशी, ते फीचर हाय. माणसं चढताना गाडी खाली होती."

"मग एकाच बाजूनं का होती?"

शालननं पेढ्यांचा डबा मिटला. "गोड तोंडात घातलं तरी तुला कडूच बोलायचं असतंय," ती म्हणाली. "माझं बरं झालेलं तुला कधी बघवलंय काय?"

खरं तर नाही. पण बुडबुडे माझ्या डोळ्यांतून येत नव्हते. हे मी बोलले नाही, कारण ती तोवर गाडीत बसली होती आणि काच वर गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना माझी चप्पल सापडेना. गॅरेजमध्ये मी बूट घालते आणि माझी जुनी कोल्हापुरी दाराबाहेर काढून ठेवते. उजवी होती, डावी नव्हती. कुत्र्यानं नेली म्हणून मी कुत्र्याला शिव्या दिल्या आणि बुटावरच घरी गेले. उजवी मी टाकली नाही, डावी सापडेल म्हणून ठेवली.

पुढच्या दोन महिन्यांत त्या गाडीचं एक झालं की दुसरं. दगड लागून पुढची काच तडकली. एक टायर फाटला. मग पंपाची खूण समोर पेटली आणि महेशनं कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं तरी पंप बदलून घेतला. माझ्याकडं आणली नाही. दस्तगीरभाईंनी मला सांगितलं, जयसिंगपूरला शालन सगळ्यांना सांगत फिरतेय की गाडीला दृष्ट लागली. कुणाची, ते विचारायची कुणाला गरज पडली नाही.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या उद्यमनगरात कुणी काम करत नाही. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, चादरीवर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. माझं पाने, जॅक, पहारी, घोड्या असं सगळं मांडून झालं होतं आणि दारात ती पांढरी गाडी आली. शालन पुढं बसलेली. म्हणाली, तुझं दार तेच माझं माहेर, गाडीची पूजा इथंच करायची आहे. मला वाटलं, मिरवायला आली. मनात म्हटलं, ये, मिरव.

आमच्या दारासमोर गटार आहे आणि त्यावर वाकडी फरशी. गाडी खाली घासू नये म्हणून महेशनं बटण दाबून ती पूर्ण वर घेतली आणि डावी बाजू भिंतीकडं, मध्ये चार-पाच हात सोडून, उभी केली. अशी उंच उभी होती, तिच्याखालून मांजर शेपूट वर करून गेलं असतं. मी परत एकदा सांगितलं, "खाली घे. पिशवी ताणलीया." तो म्हणाला, नवीन पंप बसवलाय मावशी. मी पुढं बोलले नाही. दुसऱ्याकडं बसवलाय, मग दुसऱ्यालाच विचार, असं माझं झालं होतं.

नारळ फुटला, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आम्ही आत प्रसादाला बसलो. शालन म्हणाली, माझा फोन गाडीत राहिला, आणि एकटी बाहेर गेली.

फोन तिच्या पर्समध्येच होता. पर्समध्ये आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत माझी डावी चप्पल होती. गाडी घेतल्या घेतल्याच जयसिंगपूरला तिला कुणीतरी सांगितलं होतं की जिची नजर लागली तिचीच जुनी चप्पल गाडीखाली बांधायची, आणि तिच्याच दारात बांधायची, तर नजर उतरते. श्रावणातल्या त्या पेढ्यांच्या दिवशीच ती चप्पल घेऊन गेली होती, आणि एवढे दिवस जपून ठेवली होती. भिंतीच्या बाजूला कुणी बघणार नाही म्हणून ती तिथं आडवी झाली आणि बंपरखालून आत सरकली. भिंतीची बाजू म्हणजे डावी. साठी ओलांडलेली बाई, रेशमी साडी, गटाराची फरशी. माझ्या नजरेची तिला एवढी भीती. ती दोरी बांधायला लागली आणि पिशवी फुटली.

महेशच्याही डोक्यात माझी नजरच होती, म्हणून त्यानं माझ्याकडं तसं बघितलं.

मी चावीला हात लावू नको म्हटलं, त्याचं कारण आहे. फुटलेल्या पिशवीत पंपानं कितीही हवा भरली तरी ती फुगत नाही. पण गाडीतल्या कॉम्प्युटरला एवढंच कळतं की डावी बाजू खाली आहे आणि उजवी वर. डावी वर येत नाही म्हटल्यावर तो कधी कधी उजवी खाली सोडतो, दोन्ही बाजू सारख्या करायला. करेलच असं नाही. पण मी ते एकदा बघितलं होतं. गाडी उजवीकडून अजून हवेवर उभी होती, म्हणूनच शालनच्या छातीवर सगळं वजन नव्हतं. उजवीही बसली असती तर तिच्याजवळ श्वासापुरतीही जागा राहिली नसती.

एवढं सांगायला वेळ नव्हता. महेशचा हात दाराच्या मुठीवर होता. "तुमचं ऐकत बसू व्हय?" तो म्हणाला. "आई मरतीया तिकडं."

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. बारीक, विहिरीतून आल्यासारखा. "महेश. चावी आक्काकडं दे."

तो थांबला.

"दे की," शालन म्हणाली. "आक्का म्हणती तसंच कर."

त्यानं चावी माझ्या हातात टाकली. मी ती गॅरेजच्या आत दूर फेकली, कारण या गाड्या चावी जवळ असली तरी जाग्या होतात.

मी जमिनीवर पालथी पडले. गाडीखाली तिचं तोंड दिसत होतं, एका बाजूला वळलेलं, गालाला माती. खांद्यावर बंपरच्या आतली लोखंडी पट्टी टेकलेली. ती बोलत होती म्हणजे श्वास येत होता. मी तिला सांगितलं, "हात ओढू नको. पाय झाडू नको. थोडा थोडा श्वास घे. मी सांगितल्याबिगर हलायचं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. तिनं मला आयुष्यात इतक्या सरळ कधी बरं म्हटलं नव्हतं.

दस्तगीरभाई आणि शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झाली होती. सगळी हत्यारं पूजेत. कुणीतरी म्हणालं, आज हत्यार उचलायचं नसतं, वहिनी, हातानंच उचलूया. मी चादरीवरून पहार ओढली. हार तुटले, नारळ घरंगळत गटारात गेला, समईतलं तेल सांडलं. वात पेटलेली होती, दस्तगीरभाईंनी तिच्यावर पाय ठेवला आणि दुसरी पहार घेतली. ते म्हणाले, "देवाला सांगू की, घाई होती म्हणून."

जॅक आत जात नव्हता, गाडी इतकी खाली होती. मग लाकडी ठोकळे ठेवले, त्यावर पहारी टेकवून दाराखालच्या जाड पट्टीला लावल्या आणि चार-चार माणसं एकेका पहारीला लटकली. मी जमिनीवरून सांगत होते, किती आणि कधी. गाडी दोन बोटं उठली. जॅक आत गेला. जॅकनं आणखी वीतभर उठली. मी घोडी लावली आणि शिवाय एक जुनं चाक गाडीखाली आडवं सारलं. तोपर्यंत कुणाला तिला ओढू दिलं नाही. महेश माझ्या खांद्याशी उभा राहून रडत होता आणि ओढू का, ओढू का विचारत होता. चाक गेल्यावर मी म्हटलं, "आता ओढ. पायाला धरून. सरळ."

ती बाहेर आली. साडी फाटलेली, उजवा हात उलटा पडल्यासारखा. डाव्या हाताच्या मुठीत एक चप्पल होती, तिला काळी दोरी बांधलेली. ती चप्पल तिनं सोडली नव्हती.

मी ती बघितली. अंगठ्याची जागा झिजलेली, टाच एका बाजूला खाल्लेली. मी चालताना डावीकडं दाबून चालते.

"ही माझी हाय," मी म्हणाले.

"व्हय," शालन म्हणाली आणि डोळे मिटले.

दवाखान्यात सांगितलं, बरगड्या मोडल्यात, गळ्याचं हाड मोडलंय, खांदा निखळलाय. छातीत रक्त नाही, हे मोठं नशीब. तिला भेटायला अर्धं जयसिंगपूर आलं. सफरचंदं, नारळपाणी, बिस्किटांचे पुडे, खाटेखाली जागा राहिली नाही. गॅरेजमध्ये इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात माझं बोट गेलं होतं तेव्हा मला बघायला दस्तगीरभाई सोडून कुणी आलं नव्हतं. मी त्या सफरचंदांकडं बघत बसले होते आणि शालनला ते कळलं.

"एक घे," ती म्हणाली.

"नको."

तिनं डाव्या हातानं सफरचंदांची पिशवी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुला ठाऊक होतं, तर मला नीट सांगायचं होतंस."

"सांगितलं हुतं की. दोनदा."

"तू जळून सांगितलंस."

"जळूनच सांगितलं," मी म्हणाले. "पण खरं सांगितलं."

ती कुशीवर वळायला गेली आणि थांबली. बरगड्या दुखत असतील. मग तिनं विचारलं, "ती चप्पल कुठं हाय?"

"माझ्या पायात. दुसरा जोड न्हाई मला."

ती हसायला गेली आणि कळवळली. मी नर्सला बोलावलं.

दिवाळीनंतर महेश गाडी माझ्याकडं घेऊन आला. पुढच्या दोन्ही पिशव्या बदलल्या, कारण एक गेली की दुसरीही त्याच वयाची असते. कुठल्या पिशवीत किती हवा सोडायची ते बघणारा वाल्व्हचा ठोकळाही बदलला. वडगावच्या डिप्लोमावाल्यानं कॉम्प्युटर लावून उंची बसवली, ती मला जमत नाही. पिशव्या बाहेरच्या घेतल्या तरी एकूण दीड लाखाच्या पुढं गेलं. घरचं म्हणून मी मजुरी सोडली नाही. महेशनं ती मुकाट्यानं दिली आणि निघताना विचारलं, मावशी, मागच्या दोन पिशव्या कधी बघायच्या? पहिल्यांदाच कुणीतरी बिघडायच्या आधी विचारलं. मी साबणाचं पाणी मारलं. चांगल्या होत्या, आणि मी चांगल्या आहेत असंच सांगितलं.

ज्यांना अशी जुनी मोठी गाडी घ्यायची आहे त्यांनी रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी जाऊन बघावी, इंजिन सुरू करायच्या आधी. चारी चाकांवर बोटं घालावीत. गालिचा उचलून हात फिरवावा. जेवढ्याला गाडी घेताय त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके पैसे बाजूला ठेवावेत आणि नसतील तर छोटी नवी गाडी घ्यावी. आणि सांगणारा माणूस तुमच्यावर जळत असेल तर त्याच्याकडं दुर्लक्ष करू नका. जळणारा माणूस गाडी नीट बघतो. कौतुक करणारा नुसतं कौतुक करतो.

गाडी अजून त्यांच्याकडंच आहे. सणाला शालन येते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून ती काच खाली करून डाव्या हातानं मला बोलावते. मी जाते. परवा तिनं मला आत बसवलं, त्या गार सीटवर, आणि पंचगंगेपर्यंत फिरवून आणलं. सगळा रस्ता मला एकच वाटत होतं, की ही सीट तिची आहे.

त्या खंडेनवमीला गाडीखाली शालन होती, आणि शालन वाचली.